दारोदारीच्या सुरांचा संग्राहक
(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



नभोवाणीवर बोलणाऱ्याचे शब्द वाऱ्यावर विरून जातात. याच माध्यमात वावरलेल्या एका भारतीयाने मात्र इतरांचे सूर विरून जाऊ नयेत, म्हणून आयुष्य वेचले. त्यांचे नाव देबेन भट्टाचार्य. आपल्याकडे हे नाव फारसे कोणाच्या ओठी नाही, म्हणूनच आज त्यांच्याविषयी बोलणार आहे.

देबेनबाबूंचा जन्म १९२१ साली काशीतील एका बंगाली कुटुंबात झाला. शिक्षण परंपरागत, संस्कृताचे. १९४९ साली ते इंग्लंडला गेले आणि पुढे बीबीसी नभोवाणीसाठी संगीतविषयक कार्यक्रम करू लागले. त्या काळी तबकड्यांवर मुख्यतः नामवंत कलावंत ऐकू येत. वाळवंटातील भटका गायक किंवा बंगालच्या खेड्यातील बाउल ध्वनिमुद्रण कक्षापर्यंत पोहोचणार कसा? मग यंत्रानेच त्याच्या दारी जायला हवे, ही देबेनबाबूंच्या कामाची रीत झाली.

१९५५ साली त्यांनी दूधवाटपाची एक जुनी गाडी प्रवासासाठी सज्ज केली. सोबतीला वास्तुशास्त्राचा एक इंग्रज विद्यार्थी आणि ध्वनिमुद्रणाचे अवजड यंत्र. युरोपातून निघून तुर्कस्तान, सीरिया, जॉर्डन, इराक, इराण अशी मजल दरमजल करीत त्यांनी भारत गाठला. वाटेत टिपलेल्या संगीतातून ‘म्युझिक ऑन द डेझर्ट रोड’ ही तबकडी सिद्ध झाली.

पुढे शंभराहून अधिक तबकड्या आणि अनेक माहितीपट त्यांच्या नावावर जमा झाले. पण केवळ सूर साठवून हा माणूस थांबला नाही. गाण्याचा अर्थही पोहोचला पाहिजे, म्हणून विद्यापती व चंडीदासांची पदे त्यांनी इंग्रजीत आणली. १९६९ साली बाउलगीतांचा अनुवाद ‘द मिरर ऑफ द स्काय’ प्रसिद्ध केला. २००१ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. १९५५च्या त्या प्रवासाचे त्यांनी लिहिलेले वर्णन मात्र ध्वनिमुद्रणांसह ग्रंथरूपाने आले ते २०१८ साली. दस्तऐवजाचे मोल कळायला असा काळ जावा लागतो.

आता थोडे स्वतःविषयी. वार्ताहर असताना माझ्या पिशवीत सदैव टेपरेकॉर्डर असे. पुढाऱ्यांची कितीतरी भाषणे मी टिपली. घरी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. तिच्यापुढे ते यंत्र एकदाही ठेवले नाही. आज मला त्यातल्या दोन-चारच आठवतात आणि तिचा आवाज तर कायमचा गेला.

देबेनबाबूंनी जे यंत्र गाडीत घालून हजारो मैल नेले, ते आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. उणीव आहे ती कोणापुढे तरी जाऊन बसण्याची. तेव्हा घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांजवळ बसा. त्यांचे गाणे टिपा आणि त्याबरोबर गाणाऱ्याचे नाव, गाव, दिनांक, प्रसंगही लिहून ठेवा. नाव हरवले की आवाज पोरका होतो.