आधी टेप, मग संगणक



चेन्नईच्या दमट हवेत चुंबकीय टेप लवकर बिघडते. आणि याच शहरात ती वाचवण्याचे कारणही मोठे आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापले. त्या काळापासून तमिळ देशात रुजलेल्या मराठी घराण्यांचे अनेक वंशज आज चेन्नईत राहतात. त्यांच्याकडच्या लग्नामुंजींच्या व्हीएचएस कॅसेटींत तंजावरी मराठी बोलणारी जुनी माणसे हसताबोलताना दिसतात. हस्तलिखितांसाठी तंजावरला सरस्वती महाल आहे, तमिळ छापील साहित्यासाठी चेन्नईत रोजा मुथय्या ग्रंथालय आहे. घरगुती कॅसेटला मात्र घरातले कपाट एवढाच आसरा.

आणि वेळ थोडा आहे. १९७६ साली जेव्हीसीने व्हीएचएस बाजारात आणली. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. उरलेली यंत्रे रोज झिजत आहेत.

चित्र बिघडलेले दिसले की हात आधी संगणकाकडे जातो. खरे तर बरेचसे दोष टेप चालवतानाच उद्भवतात, आणि तिथेच ते सुटतात.

भारतातल्या पॅल पद्धतीच्या व्हीएचएसमध्ये टेप सेकंदाला सुमारे २.३४ सेंटिमीटर सरकते, तर टेपवरचे चित्र वाचणाऱ्या हेडचा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो. चित्राची एकेक तिरकी पट्टी जेमतेम ४९ मायक्रॉन रुंद असते. हेड त्या पट्टीवरून जरा घसरले, की पडद्यावर मुंग्यांचा पट्टा येतो. दुसऱ्या यंत्रावर रेकॉर्ड झालेल्या कॅसेटला हाताने ट्रॅकिंग, म्हणजे हेडची पट्टीवरची जागा, जुळवावे लागते. पट्टा तरीही हटला नाही, तर हेड साफ करायला हवे.

त्याही आधी कॅसेटच्या खिडकीतून आत पाहावे. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बहुधा बुरशी असते. अशी कॅसेट यंत्रात घातली की बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटपर्यंत पोहोचते. म्हणून सफाई आधी.

चित्राचा वरचा भाग वाकडा होतो, उभ्या रेषा थरथरतात, तो दोष वेळेचा. टेपचा ताण कमीजास्त झाला की प्रत्येक रेषा किंचित लवकर वा उशिरा पोहोचते. जुना टीव्ही ते खपवून घेत असे. टेपचे चित्र संगणकात उतरवणाऱ्या आजच्या कॅप्चर कार्डाला ते सोसत नाही आणि फ्रेम गळतात. त्यावर उपाय टाइम बेस करेक्टरचा, आणि तोही कॅप्चर होतानाच. एकदा गळलेली फ्रेम नंतर कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

काही गोष्टी तर बिघाडच नसतात. चित्राच्या तळाशी दिसणारी फाटकी पट्टी एका हेडवरून दुसऱ्यावर जातानाची असते. जुन्या टीव्हीच्या चौकटीत ती झाकली जाई. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात, कारण पॅल चित्र सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांत येते. त्यातून ५० पूर्ण फ्रेम काढल्या तर हालचाल मुळातल्यासारखी सहज राहते. २५ काढल्या तर निम्मी हालचाल वाया जाते. अमेरिकेतल्या नातलगाची कॅसेट इथे रंगहीन किंवा वरखाली सरकणारी दिसली, तर तीही खराब ठरवू नये. भारतातली पॅल पद्धत ६२५ रेषांची आहे, तिकडची एनटीएससी ५२५ रेषांची. दोन्ही वाचणारे यंत्र मिळवावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरे ‘स्वच्छ’ करण्याची सध्या मोठी हौस आहे. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकाच तपशील असतो. त्यापलीकडचे डोळे आणि सुरकुत्या संगणक स्वतःच्या अंदाजाने रचतो. नातवंडांना आपली आजी दिसायला हवी, तिच्यासारखी दिसणारी कुणी अनोळखी बाई नव्हे. म्हणून ७२० बाय ५७६ चे मूळ कॅप्चर जसेच्या तसे दोन ठिकाणी जपावे आणि सगळी डागडुजी प्रतीवर करावी.

आपल्या संमेलनाने चेन्नईत एक सामाईक केंद्र उभारावे: दुरुस्त केलेला एस-व्हीएचएस प्लेयर, टाइम बेस करेक्टर आणि सफाईची सोय असलेले. रिची स्ट्रीटच्या बाजारात व्हीसीआर उघडून दुरुस्त करणारे जे जुने कारागीर भेटतील, त्यांना मानधन देऊन तिथे बोलवावे आणि तरुणांना त्यांच्या हाताखाली बसवावे. पहिला मान बुरशी धरलेल्या कॅसेटींना द्यावा, कारण त्यांच्याकडे सर्वांत कमी दिवस आहेत.