चलान म्हणजे दंड नव्हे



महाड किंवा पोलादपूरच्या एस.टी. स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या मिनीडोरवाल्याला चलानाविषयी विचारले, तर 'दंड बसला' एवढेच तो सांगेल. बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकीने पाळीवर जाणारा कामगारही तेच म्हणेल. हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की त्यातील चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. दंड ठोठावण्याचा अधिकार पोलिसाला नाही. तो न्यायालयाचा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 ने राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला जो अधिकार दिला आहे, तो तडजोडीचा. ठरलेली रक्कम भरा, खटला होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे चलान हा एक आरोप असतो आणि त्याच्या जोडीला मांडलेला एक प्रस्ताव. आरोप अमान्य असेल तर प्रस्ताव नाकारण्याचा हक्क नागरिकाला आहे.

यातून एक गोष्ट ओघानेच येते. रक्कम भरली की वाद संपतो. 'आधी भरून टाकू, मग दाद मागू' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मागाहून दाद मागायला जागा उरत नाही. अपिलाचा विचार पैसे भरण्यापूर्वी करावयाचा असतो.

पूर्वी चलान हातात पडत असे आणि हुज्जत समोरासमोर होई. आता छायाचित्र घेतले जाते आणि संदेश भ्रमणध्वनीवर येतो. येथे पोलादपूर तालुक्याची खास अडचण आहे. या तालुक्यातले निम्मे घर मुंबईला असते. गाडी भावाच्या नावावर, क्रमांक नोंदलेला त्याचा, आणि गाडी चालवणारा कुडपणच्या चढावर. संदेश वाचणाऱ्याला प्रसंग ठाऊक नाही आणि प्रसंग ठाऊक असणाऱ्याला संदेश मिळत नाही. शिवाय विकलेल्या दुचाकीची नोंद नव्या मालकाच्या नावे झालेली नसते. कायद्याच्या कलम 50 नुसार राज्यांतर्गत विक्रीची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत द्यावयाची असते. ती न दिल्याने दुसऱ्याच्या अपराधाचे चलान वर्षानुवर्षे पहिल्या मालकाच्या माथी येत राहते. परिवहन कार्यालय पेणला आणि माणूस सह्याद्रीच्या कुशीत, तेव्हा हे राहून जाते यात नवल नाही.

पहिली दाद पोलिसांकडेच मागावयाची. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर आणि 'महाट्रॅफिक' या अ‍ॅपवर तक्रारीची सोय आहे. तक्रार करताना संतापाचा उपयोग नसतो, पुराव्याचा असतो. छायाचित्रातील क्रमांक नीट वाचावा, वाहनाचा प्रकार व रंग आपल्या वाहनाशी जुळतो का ते पाहावे, तारीख, वेळ आणि स्थळ तपासावे. त्या वेळी गाडी अन्यत्र होती याची टोलची पावती, गॅरेजचे बिल, कारखान्यातील हजेरी जोडावी. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167 अ हा नियम घालण्यात आला. कॅमेरा वा वेगमापक यंत्राला अचूकतेचे प्रमाणपत्र असावे, ते दरवर्षी नव्याने घ्यावे, पुढे यंत्र आहे हे सांगणारा फलक रस्त्यावर ठळकपणे लावावा आणि अपराधाची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी, असे त्यात म्हटले आहे. कशेडीच्या उतारावर अतिवेगाचे चलान झालेल्या चालकाने यंत्राचे प्रमाणपत्र मागणे हा उद्धटपणा नव्हे. नियमाने ज्याची अपेक्षा केली, तेच तो मागतो.

तक्रार फेटाळली गेली तर मार्ग न्यायालयाचा. तेथे मात्र जपून पावले टाकावी लागतात. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या अपराधाची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयाने घेऊ नये, अशी मुदत फौजदारी प्रक्रिया संहितेत होती व 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हेही विसरू नये. 'गुन्हा कबूल' म्हटल्यास शिक्षेचे प्रमाण व वैधता एवढ्यापुरतेच अपील उरते. लढून दोषी ठरल्यास आणि दंड अगदी किरकोळ नसल्यास तीस दिवसांत सत्र न्यायालयात जाता येते. महाडकराच्या दृष्टीने म्हणजे माणगावला. लोकअदालतीत रक्कम कमी होऊ शकते आणि कोर्ट-फी पडत नाही, पण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तेथील निवाडा अंतिम असतो. निर्दोष माणसाने तेथे जाणे म्हणजे सवलतीच्या दरात दोष पत्करणे होय.

महाडला वरच्या न्यायालयाची वाट नवी नाही. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर 1927 च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकरांविरुद्ध दावा गुदरला गेला तो येथील न्यायालयात. तेथे हरलेले सवर्ण वादी ठाण्याला गेले, तेथून मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि 17 मार्च 1937 रोजी तेथेही हरले. दहा वर्षे! हजार रुपयांच्या चलानाची त्या लढ्याशी बरोबरी कोणी करणार नाही. परंतु दाव्याला किती काळ आणि किती बळ लागते, हे या गावाइतके थोड्या गावांना ठाऊक असेल.

आता हिशेब पाहावा. तालुक्याच्या टोकाच्या वाडीतून महाडला येण्याचे भाडे, बुडालेली मजुरी, वकिलाची फी आणि पुन्हा पुढची तारीख यांची बेरीज चलानाच्या रकमेहून कितीतरी अधिक होते. म्हणून निर्दोष माणूसही भरून मोकळा होतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचे वागणे सुज्ञपणाचेच आहे, आणि नेमके तेच चिंताजनक आहे. चूक दुरुस्त करून घेण्याचा खर्च चुकीपेक्षा जास्त असेल, तर चूक करणाऱ्या यंत्रणेला सुधारण्याचे कारण उरत नाही. भरलेल्या चलानांची संख्या म्हणूनच अपराधांची संख्या मानता येत नाही.

याचा अर्थ वाहतुकीचे नियम जाचक आहेत असा मुळीच नाही. 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर मेली. जुलै 2018 मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, ते दुःख कोकण विसरलेले नाही. हेल्मेट घालावे, घाटात वेग आवरावा, मिनीडोरमध्ये माणसे कोंबू नयेत. परंतु 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल एस.टी.च्या दोन गाड्यांसह वाहून गेला, तेव्हा त्या प्रवाशांनी कोणता नियम मोडला होता? रस्त्यावरची सुरक्षा चालकाच्या खिशातूनच वसूल होईल, ही समजूत सोयीची आहे, खरी नाही.

हेल्मेट नसल्याबद्दल कायद्याने सांगितलेले हजार रुपये रोजंदारीच्या मजुराला आणि बागायतदाराला सारखेच. फिनलंडने 1921 मध्ये आणि स्वीडनने 1931 मध्ये माणसाच्या दैनंदिन उत्पन्नावर आधारलेल्या दंडाची पद्धत स्वीकारली. आपल्याकडे तिचा विचार व्हावयास हवा. तोवर हाती आहे ते वापरावे. 1987 च्याच कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. बिरवाडीचा कामगार त्यात बसतो, पोलादपूरचा शेतमजूरही बहुधा बसतो. त्यासाठीचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावयाचा असतो. कामगार संघटनांनी आणि मिनीडोरचालकांनी असे अर्ज एकेकट्याने न करता, एकाच ठिकाणची व एकाच यंत्राची चलाने गोळा करून एकत्र करावेत, म्हणजे यंत्राच्या प्रमाणपत्राचा आणि फलकाचा प्रश्न एका माणसाची कुरबूर म्हणून बाजूला सारता येणार नाही.