ओल्या लाकडाची घाई

मी कविता लिहितो हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. पण घराच्या मागच्या पडवीत माझा एक लहानसा लेथ आहे आणि रविवारची सकाळ मी भुशात घालवतो, हे फार थोड्यांना माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात शेताच्या बांधावरची बाभूळ पडली. अम्मी म्हणाली, "तुझ्या अब्बांनी लावलेली आहे. चुलीत घालू नकोस. मला एक लाटणं करून दे."

बाभळीचं लाकूड चिवट. बैलगाडीची चाकं, औतं याचीच होत. आठवड्याच्या आत मी मनगटाएवढी फांदी लेथवर चढवली. ओलं लाकूड पटाशीखाली सहज कापलं जातं. लांबच लांब ढलप्या निघाल्या आणि मला वाटलं, आपण कारागीर झालो! महिनाभरातच लाटण्याच्या टोकाला केसाएवढी रेघ दिसली. पुढे ती गाभ्यापासून कडेपर्यंत उलली, तिच्यात पीठ अडकू लागलं.

गावातल्या जुन्या सुतारांनी चूक सांगितली. लाकूड वाळताना आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. आतल्या वर्तुळांच्या दिशेनं ते जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेनं. त्यामुळे अख्खी गोल फांदी वाळताना बहुधा तडकतेच. "आधी मधोमध चिरा, गाभा काढून टाका, मग थांबा," ते म्हणाले.

मी उरलेले ओंडके चिरले. टोकांतून ओल झपाट्यानं जाते, म्हणून तिथं वितळलेलं मेण लावलं. खाली पट्ट्या देऊन तुकडे सावलीत रचले. दर महिन्याला वजन करून आकडा पेन्सिलीनं लाकडावरच लिहायचा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं.

अम्मी अधूनमधून विचारायची, "वाळलं का रे?" बाराव्या महिन्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. वजन थांबलं चौदाव्या महिन्यात.

आता लाटणं कुणासाठी करायचं? व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं, टेबलावर गोल वस्तू ठेवून ती तळव्याखाली पुढे-मागे फिरवू द्या. मग मी लाटणं नेहमीपेक्षा जाड ठेवलं. वाळलेली बाभूळ दगडासारखी. पटाशीला पाच वेळा धार लावावी लागली. शेवटी जवसाचं तेल चोळलं. ते हवेत हळूहळू सुकून लाकडावर घट्ट बसतं.

अम्मीनं डाव्या हातानं लाटणं फिरवून पाहिलं. म्हणाली, "या वेळी घाई केली नाहीस."

तडकलेलं लाटणं माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. रात्री लिहिलेली कविता सकाळी टपालात टाकायची माझी जुनी खोड त्यामुळे सुटली. अम्मी रोज शंभर फेऱ्या मोजून घालते. नंतर लाटणं धुऊन त्यावरच मी चपात्या लाटतो. त्या अजून गोल होत नाहीत, आणि तेही ती मोजते.