छताखालची वाट



सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून परिभ्रमण करणाऱ्या जीपीएस उपग्रहांचा संकेत भूपृष्ठावर येतो तोच मुळी इतका क्षीण झालेला असतो, की काँक्रीटची छते भेदून तो रुग्णालयाच्या तळमजल्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलपर्यंत भरवशाने पोहोचावा ही अपेक्षाच अवास्तव ठरते. आणि मग क्ष-किरण विभाग शोधणारा परगावचा रुग्ण पहारेकऱ्यापासून परिचारिकेपर्यंत विचारपूस करीत हिंडत राहतो. ही अडचण दूर करणारी संगणकप्रणाली निवडण्याचे दायित्व ज्या विश्वस्तांवर येते, त्यांच्यासाठी आजचे विवेचन आहे.

विक्रेता प्रथम अचूकतेचे मीटर सांगतो. ते कोणत्या परिस्थितीत मोजले, हे अवश्य विचारावे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००० साली ‘रडार’ नावाची जी पद्धती मांडली, तीत जागोजागी वायरलेस संकेतांची तीव्रता आधी नोंदवून ठेवायची आणि पुढे येणाऱ्याच्या यंत्रातील तीव्रता तिच्याशी ताडून पाहायची, असा विचार होता. परंतु माणसाचे शरीरच संकेत अडवते, म्हणून त्यांना प्रत्येक जागी चारही दिशांना तोंड करून नोंदी घ्याव्या लागल्या. एका देहाचा जर इतका अडथळा, तर रविवारी रिकाम्या वऱ्हांड्यात केलेली मोजणी सोमवारी सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात कितपत टिकेल? परीक्षा गर्दीतच घ्यावी. शिवाय आयफोनवर सामान्य ॲपला आसपासच्या वायफायची तीव्रता वाचण्याची मुभा नसल्याने केवळ वायफायवर विसंबलेली प्रणाली तेथे निरुपयोगी ठरते.

यावर पर्याय आहे ब्लूटूथ बीकनचा, म्हणजे सतत संकेत सोडणाऱ्या छोट्या यंत्रांचा. लंडननजीकच्या गॅटविक विमानतळाने २०१७ साली दोन टर्मिनलांत सुमारे २,००० ब्लूटूथ बीकन बसवून तीन मीटरांच्या आसपास अचूकता साधली. हा उपाय उत्तम आहे. मात्र बॅटरी संपलेला किंवा रंगकामाच्या वेळी जागा बदललेला बीकन कोणी, किती दिवसांत पाहायचा, याची तजवीज करारनाम्यात असलीच पाहिजे.

माझ्या मते, मीटरांपेक्षा मजल्याची खातरजमा अधिक मोलाची आहे. दोन मीटरांची चूक डोळे सुधारून घेतात. चुकीच्या मजल्यावर गेलेला वृद्ध मात्र पुन्हा लिफ्टच्या रांगेत उभा राहतो. तीन मीटर चढल्यावर हवेचा दाब जेमतेम ०.३६ हेक्टोपास्कलने घटतो आणि हवामानामुळेही तेवढा फरक सहज पडतो, म्हणून मोबाइलमधील वायुदाबमापकाला जिन्यापाशी किंवा लिफ्टपाशी बीकनची जोड लागते.

परंतु सर्वांत अधिक दक्षता नकाशाच्या बाबतीत हवी. विभाग हलतात, भिंती पडतात, दारे कायमची बंद होतात. ज्या इमारतीचा कारभारी स्वतःच्या हाताने नकाशात दुरुस्ती करू शकत नाही आणि प्रत्येक फेरफारासाठी ज्याला कंत्राटदाराकडे अर्ज करावा लागतो, तिथला नकाशा वर्षभरातच जुन्या दप्तरासारखा होतो. म्हणून नकाशाची मालकी संस्थेचीच राहील, आणि २०२१ साली ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमने मानक म्हणून स्वीकारलेल्या आयएमडीएफसारख्या, इमारतींच्या अंतर्गत नकाशांसाठीच्या खुल्या स्वरूपात तो केव्हाही परत मिळेल, ही अट निविदेत सुरुवातीलाच घालावी. पुढे विक्रेता बदलला तरी केलेले श्रम वाया जात नाहीत.

नकाशा पाहू न शकणाऱ्यांचाही विचार हवा. लंडनच्या पिम्लिको भुयारी स्थानकात २०१५ साली ‘वेफाइंडर’ या उपक्रमाच्या प्रयोगात दृष्टिहीन प्रवाशांना बीकनच्या आधारे श्राव्य सूचना देण्यात आल्या, आणि त्या कार्यातून आलेले श्राव्य मार्गदर्शनाचे निकष २०१७ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत समाविष्ट झाले. आपल्या निविदेतही, अंतिम हप्ता देण्यापूर्वी दृष्टिहीन व्यक्ती मुख्य दारापासून नोंदणीच्या खिडकीपर्यंत त्या प्रणालीच्या आधारे चालून पाहतील आणि त्यांचा अभिप्राय बंधनकारक राहील, असे स्पष्ट कलम असावे.