जिना उतरता आला पाहिजे

(रौप्यमहोत्सव सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



मला विषय दिला आहे 'स्नायूंचा लवचीकपणा आणि दीर्घकाळ टिकणारी कार्यक्षमता'. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या घरातलीच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक जण चाळिशीत होतो. हवा चांगली येते म्हणून तिसरा मजला हौसेने घेतला. आज आपण पासष्टीला आलो. तिसरा मजला मात्र होता तिथेच आहे! मधल्या काळात दोन घरांना कुलूप लागलं. माणसांना मोठा आजार नव्हता. जिना झेपेना, म्हणून ती मुलांकडे गेली.

लिफ्टचा ठराव वार्षिक सभेपुढे आहे आणि माझा हात त्याच्या बाजूनेच वर जाईल. पण लिफ्ट आपल्याला दारापर्यंत आणून सोडेल. पुढे पलंगावरून उठणं, न्हाणीत तोल सांभाळणं, खाली पडलेली किल्ली उचलणं, ही कामं आपल्याच स्नायूंना करायची आहेत.

लवचीक म्हणजे पाय मानेमागे नेणारा, असा आपला समज असतो. तसं नाही. स्नायूला दोन कामं यावी लागतात : जोर लावून आखडणं आणि भार धरून ठेवत हळूहळू लांबणं. जिना चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो. उतरताना तोच स्नायू आपलं सगळं वजन पेलत लांबत जातो, उतारावर गाडीला ब्रेक लावावा तसा. चढताना दम लागतो. उतरताना पाय थरथरतात, ते याचमुळे. ज्याचा स्नायू हे दुसरं काम विसरला, त्याचा ब्रेक गेला असं समजा.

आपल्या जुन्या वस्तादांना हे शास्त्र पुस्तकाशिवाय माहीत होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला, तो कुस्तीगिरांसाठी. एरंडेल लावलेल्या लाकडी खांबावर नुसती ताकद चालत नाही. केव्हा आवळायचं आणि केव्हा सोडायचं हे अंगाला कळावं लागतं. आपल्या शेजारच्या अमरावतीत 1914 साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम जगाला करून दाखवले.

आता टिकण्याबद्दल. याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. 1951 च्या मार्चमध्ये विनोबाजी पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले, तेव्हा त्यांचं वय 55 होतं. पोटाचं जुनं दुखणं सोबत होतं. पुढे भूदानासाठी ते देशभर चालत राहिले आणि 1964 मध्ये पवनारला परतले, तेव्हा 68 वर्षांचे होते. ते काही खेळाडू नव्हते. पहाटे उठायचं आणि पुढच्या गावापर्यंत चालायचं, एवढाच नेम. रविवारी एकदम दहा किलोमीटर चालून सोमवारी गुडघ्याला मलम चोळणाऱ्यांनी हा नेम लक्षात ठेवावा.

आजच्या काळातला दाखला हवा असेल तर अमेरिकन फुटबॉलचा टॉम ब्रेडी घ्या. धडकाधडकीचा खेळ, तरी हा गडी 23 हंगाम खेळून 45 व्या वर्षी निवृत्त झाला. श्रेय त्याने मालिश आणि स्नायू मऊ ठेवण्याला दिलं. त्याचं सगळंच खरं मानू नका. भरपूर पाणी प्यायल्याने आपली त्वचा उन्हात कमी भाजते, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. त्याला एकदा मे महिन्यात वर्ध्याला बोलवायला पाहिजे, बाप्पा! मालिशने अंग मोकळं वाटतं, दुखणं हलकं होतं, हे खरं. पण नुसत्या मालिशने ताकद येत नाही. ती स्नायूला काम दिल्यानेच येते.

'आता या वयात काय?' असं कोणी म्हणेल. 1990 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या मोजक्या लोकांना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले होते. पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. आपण तर त्यांच्यापुढे पोरं आहोत.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांना तीन गोष्टी सांगते : आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालण्यासारखी हालचाल, दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे. आपल्या घरात हे असं बसवता येईल.

एक, खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि बसताना मनात पाच आकडे मोजत हळूहळू बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला. सुरुवातीला दहा वेळा पुरे.

दोन, भिंतीला हात लावून टाचा उचला आणि तशाच सावकाश खाली आणा.

तीन, ओट्याजवळ दूध तापेपर्यंत एका पायावर उभे राहा, मग दुसऱ्या. हात ओट्यावर असू द्या.

चार, जिना उतरताना कठडा धरा, पण घाई करू नका. प्रत्येक पायरी म्हणजे एक व्यायाम.

ताण देताना झटका नको, श्वास कोंडू नका. अंग तापल्यावरच ताण द्या, उठल्या उठल्या नको. रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ताटात वरण, दही, मोड आलेली कडधान्यं असू द्या. स्नायू प्रथिनांवर बांधला जातो.

दोन शब्द मुलांसाठी. शाळा, शिकवणी, मोबाइल, तिन्ही बसूनच. दहावीतल्या मुलाला पायाचे अंगठे धरता येत नाहीत आणि त्याची सत्तरीची आजी मांडी घालून तांदूळ निवडते, असं चित्र आपल्याच इमारतीत आहे. म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे : मागच्या मोकळ्या जागेवर पार्किंगचं शेड टाकण्याआधी तिथे एक मल्लखांब पुरण्याचा विचार व्हावा. त्याला जागा फार लागत नाही. खाली गादी आणि जाणता शिक्षक मात्र हवाच.

उद्यापासून सकाळी साडेसहाला मी खाली अंगणात असेन. वीस मिनिटं, फी नाही, गणवेश नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी आधी यावं, आणि जिन्याने यावं.