विक्रीतील यश आणि आत्मविकास
(व्याख्यानाचा मजकूर)



विक्री हा शब्द उच्चारताच बाजारपेठ, दुकान आणि गोड बोलणारा दुकानदार डोळ्यांपुढे उभा राहतो. वास्तविक विक्रीचे क्षेत्र याहून पुष्कळ व्यापक आहे. सुधारित बियाण्याचा प्रसार करणारा कृषी अधिकारी, मुलीला शाळेतून काढू नये म्हणून पालकांची समजूत घालणारा शिक्षक, पाणीपट्टीचे महत्त्व ग्रामसभेत पटवून देणारा पंचायत सदस्य आणि पापड-लोणची घेऊन प्रदर्शनात बसलेली बचत गटातील भगिनी या सर्वांपुढे एकच प्रश्न असतो. समोरच्या माणसाने नकार दिला, तर पुढे काय करावयाचे? या प्रश्नाचे जे उत्तर माणूस स्वतःपुरते शोधतो, त्यावर त्याच्या व्यवसायाचे व पुष्कळ अंशी त्याच्या आयुष्याचेही यश अवलंबून असते.

हा विचार उपदेशापेक्षा उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे जीवन हे असे एक उदाहरण होय.

उणिवेची ओळख

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? त्यांनी रंग सोडले, रेषा मात्र सोडली नाही. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीच्या वेळी आपणास डावलले गेले, असे दिसताच ती नोकरीही त्यांनी सोडली.

आत्मविकासाची पहिली पायरी ही आहे. स्वतःची उणीव लपविण्यात अनेकांची उमेद खर्ची पडते. उणीव कोठे आहे हे एकदा स्पष्ट झाले, की उरलेले सामर्थ्य कोणत्या कामी लावावे हेही कळू लागते.

ग्राहकाची अडचण

नोकरी चालू असतानाच, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव व त्यांचे बंधू रामचंद्रराव यांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला होता. त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू. ती घेण्याची ऐपत असलेल्यालाही ती चालविता येत असेलच, असे नव्हते. तेव्हा सायकल विकण्याबरोबर ती चालविण्यास शिकविण्याचे कामही किर्लोस्कर बंधूंकडे आले. माल हाती दिला म्हणजे विक्री संपली, ही समजूत किती अपुरी आहे, हे यावरून ध्यानात येईल. वस्तू वापरता येत नसेल, तर ग्राहकाची ती अडचण दूर करणे हेही विक्रेत्याचेच काम ठरते.

नकाराचा अभ्यास

खरी कसोटी लागली ती लोखंडी नांगराच्या वेळी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लक्ष्मणरावांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केले. लोखंडामुळे जमिनीला विष बाधते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते.

शेतकऱ्याच्या या नकाराला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण त्याच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. लाकडी नांगर गावातलाच सुतार बलुत्यावर करून देई व मोडला तर दुरुस्तही करी. लोखंडी नांगरासाठी रोख पैसा हवा होता. तो शेतात मोडला तर दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न होताच. शिवाय प्रयोग फसला तर विक्रेत्याचा एक नांगर पडून राहणार, शेतकऱ्याचा मात्र सबंध हंगाम जाणार. ज्याचे अधिक गमवावयाचे असते, तो अधिक सावध असतो. अशा सावध माणसाला शब्दांनी जिंकता येत नाही. नांगराने जमीन खोल उलथली जाते, हरळीच्या मुळ्या उपटून वर येतात, हे त्याने शिवारात डोळ्यांनी पाहावे लागते. एका शेतकऱ्याला आलेला चांगला अनुभव दहा व्याख्यानांचे काम करतो.

१९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेल्या या पत्राचेच पुढे मराठीतील एका प्रमुख मासिकात रूपांतर झाले. ग्राहकाशी बोलत राहण्याची वृत्ती किती दूरवर जाऊ शकते, याचा हा पुरावा होय.

प्रयत्न आणि साहाय्य

तथापि सर्व यश केवळ जिद्दीने मिळते, असे सांगणे हे सत्याला सोडून होईल. बेळगाव नगरपालिकेच्या विस्तार योजनेमुळे लक्ष्मणरावांना कारखान्याची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन व दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. हे साहाय्य वेळेवर मिळाले नसते, तर या जिद्दीचे काय झाले असते? अधिकारपदावर असणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न मनाशी विचारावा. तरुणांना धीर धरण्याचा उपदेश करणाऱ्यानेच त्यांचा अर्ज महिनोन् महिने पडून ठेवला, तर तो उपदेश व्यर्थ होय.

आचरणात आणावयाच्या गोष्टी

या जीवनातून काही साधे नियम काढता येतात. पहिला, नकाराची नोंद ठेवावी. बाजारातून परतल्यावर किती माल खपला हे प्रत्येक गट लिहितो; कोणी का घेतला नाही, हेही लिहावे. महिनाभरात तीच तीच दोन-तीन कारणे पुढे येतील. पापड फुटके निघाले, वजन लिहिलेले नव्हते, मागच्या वेळी मीठ अधिक होते, ही कारणे दूर करता येण्याजोगी असतात. दुसरा, रोज थोडे शिकावे. हिशेब, मालाची प्रत, ग्राहकाची भाषा यांपैकी कशात तरी काल होतो त्यापेक्षा आज किंचित पुढे जावे. तिसरा, जी वस्तू ग्राहकाच्या उपयोगाची नाही, ती त्याच्या गळ्यात बांधू नये. एकदा फसलेला ग्राहक परत येत नाही व शेजाऱ्यालाही येऊ देत नाही. पहिली विक्री बोलण्याने होऊ शकते. दुसरी विक्री मालाच्या व माणसाच्या सचोटीनेच होते.

आज गावोगावी बचत गट उत्पादन करीत आहेत, तरुण कर्ज काढून व्यवसाय सुरू करीत आहेत. पहिल्या दोन-चार नकारांनी त्यांतील कित्येक खचतात आणि कर्जाचा बोजा तेवढा घरावर राहतो. अशा वेळी शिक्षकाने त्यांना हिशेबाची वही घालून द्यावी, पंचायतीने आठवडे बाजारात बसावयास जागा द्यावी, अधिकाऱ्याने प्रकरण वेळेत निकालात काढावे. एवढे झाले, तर नकार पचविण्याचे बळ त्या तरुणांत आपोआप येईल.