मूत्रपिंड आणि ‘ड’ जीवनसत्त्व



आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करतो, शिक्षण कला शाखेचे. तरीही हा विषय मागून घेतला, त्याला घरचे कारण आहे.

आमच्या आत्याबाईंचे गुडघे दुखत होते. तपासणीत ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघाले. डॉक्टरांनी दुधातून घ्यायची साठ हजार युनिटची पुडी लिहून दिली, आठवड्यातून एक, आठ आठवडे. चिठ्ठी घरात वाचून दाखविली ती आम्हीच. ‘आठवड्यातून’ हा शब्द आमच्या नजरेतून सुटला. आत्याबाई रोज एक पुडी घेऊ लागल्या. बरे वाटते म्हणून दुकानातून आणखी मागविल्या, आणि चिठ्ठी न विचारता त्या मिळाल्याही. दीड महिन्याने उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी आणि बोलण्यात असंबद्धपणा सुरू झाला. रक्तातील कॅल्शियम फार वाढले होते आणि क्रिएटिनिनही चढले होते. म्हणजे मूत्रपिंडालाच इजा झाली होती.

हिशेब हा आमचा धंदा, म्हणून तो मांडून पाहिला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० युनिट सांगितली आहे. म्हणजे एक पुडी शंभर दिवसांची शिधा. पंचेचाळीस पुड्या म्हणजे सत्तावीस लाख युनिट. बारा वर्षांहून अधिक काळाचे जीवनसत्त्व आत्याबाईंनी दीड महिन्यात घेतले होते! जादा ‘क’ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते, ‘ड’ मात्र चरबीत साठून राहते. पुड्या बंद केल्या, सलाईन लावले, तरी कॅल्शियम ताळ्यावर यायला कित्येक आठवडे लागले.

मूत्रपिंडाचा येथे संबंध काय, असे विद्यार्थी विचारतील. उन्हाने कातडीत तयार झालेले ‘ड’ जीवनसत्त्व कच्चा माल असतो. यकृतात त्यावर एक संस्कार होतो, शेवटचा संस्कार होतो मूत्रपिंडात. १९७० साली केंब्रिजचे फ्रेझर आणि कोडिसेक यांनी हे दाखवून दिले. मूत्रपिंडे काढलेल्या उंदरांत तो प्रभावी पदार्थ तयारच होत नव्हता. मूत्रपिंड थकले की अन्नातील कॅल्शियम नीट शोषले जात नाही. मग गळ्याजवळच्या चार लहान ग्रंथी जास्त रस सोडून हाडांतले कॅल्शियम ओढू लागतात आणि हाडे ठिसूळ होतात. म्हणून जुन्या मूत्रपिंडविकारात डॉक्टर हे औषध विचारपूर्वक देतात. ते हाडांसाठी आणि त्या ग्रंथींसाठी असते.

त्याने मूत्रपिंड सुधारते, ही समजूत मात्र टिकत नाही. अमेरिकेत मधुमेह असलेल्या १३१२ जणांवर पाच वर्षे प्रयोग झाला. काहींना रोज २००० युनिट ‘ड’ दिले, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. २०१९ साली निष्कर्ष आला. दोन्हीकडे मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती जवळजवळ सारखीच घटली होती. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत मूत्रपिंडाच्या रुग्णांना ‘ड’ दिल्यावर रक्तवाहिन्यांची लवचिकता सुधारली, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. ही चांगली गोष्ट आहे. पण रक्तवाहिनी सुधारणे वेगळे आणि मूत्रपिंड बरे होणे वेगळे.

याचा अर्थ कमतरता खोटी आहे, असा नव्हे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी हजारावर निरोगी तरुण-तरुणींचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे ७० टक्के लोकांत ‘ड’ कमी आढळले (२०११). आपल्यातले पुष्कळ जण पहाटे त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढतात. व्यायाम उत्तम होतो. पण कोवळ्या उन्हात ‘ड’ तयार करणारे किरण फार थोडे असतात, ते दुपारच्या आसपासच्या उन्हात अधिक. दिवसभर काउंटरमागे बसणाऱ्या आमच्यासारख्यांना ते मिळत नाहीत. तेव्हा कमतरता निघाली तर औषध जरूर घ्यावे, पण मोजून. ज्यांना मुतखडा, मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासूनच घ्यावे. तपासायला कुठे जावे हा प्रश्न नाशिककरांना नाही. शासकीय जिल्हा रुग्णालय आहे, शालिमारचे संदर्भ सेवा रुग्णालय आहे.

आत्याबाई आता बऱ्या आहेत. क्रिएटिनिन खाली आले, तरी पहिल्याइतके नाही. त्या आम्हाला बोल लावीत नाहीत. “तू वाचलंस म्हणून मी घेतलं,” एवढेच एकदा म्हणाल्या. म्हणून विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबा उघडा आणि प्रत्येक पाकिटावर ‘रोज’ की ‘आठवड्यातून एकदा’, ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. ज्यांना चिठ्ठी लागत नसेल त्यांनी येथे घेऊन यावी. सभा संपल्यावर आम्ही विहाराच्या ओट्यावर बसणार आहोत. अक्षर आम्हाला लागले नाही, तर उद्या डॉक्टरांना विचारून सांगू. जयभीम!